लर्निंगची मुदत संपली की पुन्हा परीक्षा कशासाठी?

घोडबंदरकर: भाचीची पक्क्या लायसन्सची टेस्ट ठरली होती. त्याच आठवड्यात ती जिन्यावरून पडली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघून हात चालू होईपर्यंत लर्निंगचे ६ महिने संपले. आता नव्याने अर्ज, फी, परीक्षा आणि पक्क्या टेस्टआधी परत ३० दिवस थांबायचं. एकदा पास झालेल्याला डॉक्टरांच्या कागदावर मुदत वाढवून मिळायलाच हवी.

नेरूळ पूर्व: अजिबात पटत नाही. १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास, तेही २०२१ पासून आधारवर घरबसल्या. आमच्याच सोसायटीत मुलांचं लर्निंग कॅफेवाल्याने 'काढून दिलंय', प्रश्न त्यांनी वाचलेसुद्धा नाहीत. मुदतवाढ दिली तर यांना तीही परीक्षा द्यावी लागणार नाही. आणि डॉक्टरांचे कागद कसे मिळतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घोडबंदरकर: चोर सोडून संन्याशाला फाशी! कॅफेवाल्यांना पकडा ना. दीडशे रुपये लर्निंगचे नि पन्नास परीक्षेचे, त्याबद्दल तक्रार नाही. तिची नोकरी तळोजा एमआयडीसीत, सेकंड शिफ्ट. रात्री सुटल्यावर रिक्षासुद्धा मिळत नाही, म्हणून गाडी हवी. तिला महिनाभर अडकवून कोणाचं भलं होणार?

ऐरोली, ड्रायव्हिंग शिकवतो: त्या महिन्याला अडकवणं म्हणू नका. हात मोडल्यावर माणूस नकळत एका हाताने स्टिअरिंग धरतो. परवाच एक बाई बऱ्याच खंडानंतर आल्या. पुलाच्या चढावर सिग्नल लागला, हाफ क्लचचा अंदाज चुकला आणि गाडी मागे घरंगळली. मागे टँकर होता. माझ्या पायाखाली ब्रेक होता म्हणून वाचलो. लेखी परीक्षा पुन्हा घेऊ नका, मला मान्य आहे. ३० दिवसांचा सराव मात्र हवाच.

आणि एक, जुन्या लर्निंगवर तिला गाडी चालवू देऊ नका. मुदत संपलेलं लर्निंग म्हणजे विनालायसन्स, ५००० रुपये दंड. नवीन काढा, एल लावा, शेजारी लायसन्सवाला बसवा.

नेरूळ पूर्व: सर, लेखी परीक्षेचं मला अजूनही पटत नाही. ती सोडायची नाही, उलट ऑफिसात समोर बसवून घ्यायची. पाम बीचवर रोज चालत रस्ता ओलांडते मी. चालवणाऱ्याला झेब्रा क्रॉसिंगचा नियम माहीत आहे की नाही, यावर माझा जीव आहे.

घोडबंदरकर: समोर बसवा, भाची आनंदाने देईल. पण तिचे आधीचे महिने हिशेबात धरा, एवढंच मागतोय.