“मंदीत पाळकांनी अर्धा पगार सोडावा” म्हणणाऱ्यांना थोडं लांबलचक उत्तर

माजी खजिनदार
सर्वांना सलाम. परवा इथे एका बंधूंनी लिहिलं की 2020 च्या मार्चपासून कोरोनामुळे चर्चला कुलूप होतं, मग पाळक पगार कसला घेतात? बायबलातला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, यांनीही निदान अर्धा पगार सोडावा. आणि व्हरांड्यात क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय तो काढावा, हे काय किराणा दुकान आहे? त्याखाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

कुलूप चर्चला होतं, पाळकांना नव्हतं. वीस माणसांत अंत्यविधी उरकायचे होते तेव्हा सख्खे पुतणे आले नाहीत, पण पाळकसाहेब प्रत्येक वेळी कबरस्तानात उभे होते. ते विसरलात?

आता पैशाचं. आपल्याकडे पैसा येतो कुठून? रविवारची झोळी, महिन्याची पाकिटं, नाताळ-ईस्टरचं विशेष दान, हॉलचं लग्नभाडं आणि हंगामाच्या सणाचा लिलाव. पाकिटं सोडली तर सगळं माणसं जमण्यावर चालतं. 12 एप्रिलचा ईस्टर घराघरात मोबाइलवर झाला. लग्नं पुढे गेली, तशी हॉलची आगाऊ रक्कम परत करावी लागली. 16 नोव्हेंबरला, पाडव्याला, दारं उघडली, पण बाकं अजून निम्मी रिकामी. खर्च मात्र कुठे थांबला? शिपायाचा पगार, हॉलची घरपट्टी, दिवा न लावताही येणारं विजेचं बिल.

आणि पाळकांचा पगार आपण थेट देत नाही हो! आपण डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या विभागाला, कोटा भरतो, सगळ्या मंडळ्यांचा पैसा एकत्र होतो आणि त्यातून पगार निघतात. आपण कोटा निम्मा केला तर आपल्या पाळकांचंच निम्मं जाईल असं नाही. नेवाशा-शेवगावकडच्या एखाद्या खेड्यातल्या पाळकाचा महिना बुडेल, जिथे झोळीत दहाच्या नोटा पडतात. हे अंगठे देणाऱ्यांना माहीत होतं का?

चाकणचा कंत्राटी
मीच तो बंधू. कोट्याचं गणित कळलं, आभार. आता माझं ऐका. एप्रिलमध्ये ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. एप्रिल ते जून देशाची अर्थव्यवस्था 23.9 टक्क्यांनी आकसली असा सरकारचाच पहिला अंदाज आहे, आणि त्या आकड्यात मी आहे. मे महिन्यात एका सकाळी पोराच्या फीचा मेसेज आला. तासाभराने मोबाइलवर भक्ती, आणि बायबलातलं वचन कोणतं तर मलाखी 3:10, सर्व दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा. शून्याचा दशमांश किती होतो साहेब? त्याच महिन्यात पाळकांनी ‘मीही निम्मं घेतो’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. घेतलं नसतं तरी चाललं असतं.

पाळकाची लेक
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण बंगल्यात राहून बघा. ‘बंगला’ म्हणायचं फक्त. पावसात पातेली मांडतो आम्ही. चांगल्या दिवसांतही पगार वेळेवर आलेला मला आठवत नाही. लॉकडाऊनमध्ये आईने लोकांसाठी शिधा बांधला तो कुठल्या भांडारातून? मळणीच्या बैलाला मुसके बांधू नको हेही पौलाचंच पत्र आहे. लोकांना तंबूच बरा आठवतो.

सीए मामा
भावना बाजूला ठेवू. इथे पगाराचा प्रश्नच नाही, राखीव निधीचा आहे. बायबलातल्या योसेफाने दुष्काळासाठी सात सुकाळाची वर्षं धान्य साठवलं. आपण सुकाळात काय केलं? बाकं बदलली, फरशी बदलली, साउंड सिस्टिम घेतली. आयकराच्या नियमाने उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी खर्ची पडावे लागतात, पण 15 टक्के विनासायास शिल्लक टाकता येतात, आणि ठरावीक कामासाठी आयकर खात्याचा फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत जास्तही साठवता येतं. कितीशा कमिट्यांनी भरलाय? माझ्या माहितीतल्या एका मंडळीने सगळी ठेव जादा व्याजासाठी एकाच सहकारी बँकेत ठेवली. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पाळकाच्या ऑपरेशनला मागायला गेले तर काउंटरवर अर्ज घेतला, पैसे नाहीत. बँक ठेवींवरच्या विम्याचं संरक्षण 2020 च्या फेब्रुवारीत 1 लाखाचं 5 लाख झालं, पण संस्थेच्या ठेवीपुढे ते काय पुरणार?

आणि कर्ज काढू म्हणणाऱ्यांसाठी: विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही. जागा विकायलाही तीच परवानगी लागते.

जुना नगरकर
मिशनरी साहेब होते तेव्हा पै-पैचा हिशेब होता. आता सगळा आनंदीआनंद.

सीए मामा
काका, साहेबांचा पैसा अमेरिकेतून यायचा. तो संपला की स्वावलंबनाची भाषणं सुरू व्हायची. 1970 साली नागपुरात वेगवेगळ्या पंथांची चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याला 2020 च्या नोव्हेंबरात पन्नास वर्षं झाली, आपण अजून साहेबाची वाट बघतोय. आणि 2020 च्या सप्टेंबरपासून परदेशी देणगीतला प्रशासनाचा खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आणलाय, खातंही दिल्लीच्या एकाच स्टेट बँक शाखेत हवं. ते दार विसरा.

जुना नगरकर
बरं, साहेब सोडा. लिलावाच्या उधारीचं कोणी बोलेल का? हंगामाच्या सणाला माइकवर बोली लागते. पाचशे एकवार, सातशे दोनवार, साधा नारळ दोन हजारांना जातो, टाळ्या पडतात, बायकोकडे बघून मिश्या फिरवतात. खजिनदार लांब वहीत नाव लिहितो आणि रकमेपुढे ‘येणे’. ते येणे पुढच्या सणापर्यंत येतच नाही! मंदी यंदा आली, ही वही जुनीच आहे. यादी वेदीवरून वाचा एकदा.

पाळकाची लेक
वेदीवरून? पुढच्या रविवारी निम्मी मंडळी दुसऱ्या चर्चला गेलेली दिसेल. बायबलातल्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे क्षुल्लक नाणी, टाकल्या तेव्हा कोणी माइकवर पुकारलं नव्हतं.

जुना नगरकर
विधवेने रोख टाकल्या होत्या, ताई.

माजी खजिनदार
काकांचं म्हणणं कडू आहे पण खोटं नाही. ती वही मी सांभाळलीय. पाळकांच्या पगारावर बोलणाऱ्या काहींची नावं तिच्यात आहेत, एवढंच म्हणतो.

चाकणचा कंत्राटी
काही कशाला, नाव घ्या की! गेल्या वर्षीचा गावठी कोंबडा, अकराशे रुपये. बोली माझी, आणि कोंबडा तिथल्या तिथे पाळकांच्या बंगल्यावर दिला होता मी. गरिबाची वही उघडता, मग ज्यांच्या नावाची फरशी व्हरांड्यात बसवलीय त्यांचे बाकी पैसेही वाचा. की त्यांना सूट?

पाळकाची लेक
कोंबडा आम्ही खाल्ला, कबूल. रस्सा तुमच्याकडे डब्यात आला होता, तेही लिहा.

सीए मामा
एक विनंती. येणे रकमा बजेटात धरून खर्च मंजूर करू नका. हातात आलं तेच उत्पन्न. निम्म्या मंडळ्या इथेच बुडतात.

चाकणचा कंत्राटी
मामा, तुम्हीच सांगा मग. तो क्यूआर कोड स्कॅन केला की चर्चचं नाव येत नाही, सध्याच्या खजिनदारांचं येतं. मी काढून टाका म्हटलं ते उगाच नव्हतं. किराणा दुकानदारसुद्धा दुकानाच्या नावाचा लावतो.

माजी खजिनदार
बँकेच्या खात्यावर अजून जुन्या कमिटीच्या सह्या आहेत. नवीन विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, धर्मादाय कार्यालयात पडून आहे, लॉकडाऊनमध्ये तारखाच लागल्या नाहीत. तोवर सोय म्हणून त्यांनी तसं केलं असणार. माणूस सरळ आहे.

सीए मामा
सरळ असेल हो, पण मंडळीचं दान वैयक्तिक खात्यात? ऑडिटर काय लिहील माहितीय का? आजच काढा तो कागद. जुन्या सह्यांवाले दोघे जिवंत आहेत ना? त्यांच्या सहीने चर्चचंच खातं चालवा, आणि आतापर्यंत जमलेले पैसे तारीखवार पावत्या फाडून वर्ग करा.

माजी खजिनदार
ठीक आहे. क्यूआरपुरता त्यांचा मुद्दा घ्यावा लागेल. पगाराचा मुळीच नाही. नोव्हेंबरची जमा-खर्च फळ्यावर लावायला सेक्रेटरींना सांगतो. उधारीची यादी लावणार नाही.

जुना नगरकर
म्हणजे निम्माच हिशेब.

चाकणचा कंत्राटी
पगाराचं मी मागे घेतो असं कोणी समजू नये. कोट्यामुळे गावाकडच्या पाळकांचं नुकसान नको म्हणून गप्प बसतोय. आणि कोंबड्याचे अकराशे नाताळानंतर देईन, रोख. छापील पावती तयार ठेवा.