फ्रेंच शाळेतल्या लेकीला इंग्रजीत जिवंत संवाद लिहायचेत, काय सुचवाल?

तुलूझची_माई
नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. आम्ही गेली अकरा वर्षं फ्रान्सात, तुलूझला. नवरा विमानांच्या कामात, इथे येणारे बरेचसे भारतीय त्यातलेच. लेक प्रमिएरला आहे, आपल्याकडची अकरावी धरा. शाळा फ्रेंच, मैत्रिणी फ्रेंच, माझ्याशी मराठी बोलते पण चिडली की थेट फ्रेंच, त्यामुळे तिचं डोकं फ्रेंचमध्येच चालतं असं समजा. प्रमिएरला तीन खास विषय निवडावे लागतात, त्यात तिने इंग्रजी साहित्य घेतलंय, आठवड्याला चार तास. व्याकरण पक्कं, निबंधाला 20 पैकी 15-16 पडतात आणि इथे 16 म्हणजे पेढे वाटायचे मार्क. पण गोष्ट लिही म्हटलं की त्यातली माणसं तहसील कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखी बोलतात. मागच्या आठवड्यात 11 मिळाले, समासात बाईंचा शेरा, ‘बरोबर आहे पण सपाट’. आता सपाटचं काय करायचं ते बाईंनी लिहिलं नाही.

नमुना देते. दोन भाऊ, धाकट्याने बाबांच्या गाडीला ओरखडा काढलाय.

– हॅलो पॉल, हाऊ आर यू?
– आय अ‍ॅम फाइन, थँक यू. अँड यू?
– आय हॅव अ प्रॉब्लेम. आय हॅव डॅमेज्ड द कार ऑफ अवर फादर.
– ओह, धिस इज टेरिबल! व्हाय हॅव यू डन दॅट?

वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण माझं इंग्रजी पण ऑफिसच्या मेलमधलं, मी तरी काय वेगळं लिहिलं असतं. पुस्तक, कोर्स, युक्ती, काहीही सुचवा.

खडूफळा
वाचन वाढवा. दुसरा उपाय नाही.

तुलूझची_माई
@खडूफळा अहो ती वाचते हो, भरपूर वाचते. वाचलेलं कळतं पण हातातून उतरत नाही, तिथंच तर अडलंय.

सात_महिने_लिसेत
माई, मी फ्रान्समध्ये एका लिसेत (दहावी ते बारावीची शाळा) सात महिने इंग्रजीचा असिस्टंट होतो आणि हे असले संवाद मी शेकड्याने तपासलेत, त्यामुळे तुमची लेक एकटी नाहीये हे आधी सांगतो. तिचं इंग्रजी ठीक आहे, घोळ असा आहे की तिची दोन्ही माणसं एकमेकांना पूर्ण उत्तर देतात. प्रश्न आला की वाक्य, वाक्य आलं की वाक्य, कुणी टाळत नाही, कुणी मधे तोडत नाही, कुणी भलतंच विचारत नाही. घरात असं कोण बोलतं हो? तुमच्या घरी ‘दूध कुठंय’ विचारलं तर ‘दूध फ्रिजमध्ये आहे’ असं उत्तर येतं का? ‘परत संपवलंस?’ असं येतं. आणि दोन सख्खे भाऊ हॅलो, हाऊ आर यू कशाला करतील, एकाच घरात राहतात ना. त्याचं मूळ पाठ्यपुस्तकात आहे, पहिल्या वर्षापासून संवाद म्हणजे ओळख करून देणं असंच शिकवलेलं असतं.

मी मुलांना एकच नियम द्यायचो, की विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या फटक्यात उत्तर द्यायचं नाही. तोच प्रसंग असा करून बघा:

“व्हेअर्स डॅड?”
“आउट. व्हाय?”
“आउट फॉर अ‍ॅन अवर, ऑर आउट फॉर फाइव्ह मिनिट्स?”
“टॉम. व्हॉट डिड यू डू?”
“नथिंग.”
“टॉम.”
“इट्स अ टायनी स्क्रॅच.”

ह्यात अवघड शब्द एक नाही, सगळं आठवीच्या पोराला येतं. कार हा शब्दसुद्धा नाही, तरी कळतंय. दुसऱ्यांदा नुसतं ‘टॉम.’ येतं ना, तिथं मोठा भाऊ दिसतो.

शब्दवेल्हाळ
वा, ते दुसरं ‘टॉम’ झकास.

माझी एक थिअरी आहे, माई, लेकीला मराठीतूनच सांगा, तिला पटकन कळेल. आपल्याकडे ‘प्रवेश करा’ आणि ‘आत या’ ह्यात जो फरक आहे तोच इंग्रजीत ‘एंटर’ आणि ‘कम इन’ मध्ये आहे. 1066 साली नॉर्मंडीवाल्यांनी इंग्लंड घेतलं, पुढं बरीच वर्षं दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चाललं, आणि ते शब्द इंग्रजीत वरच्या मजल्यावर राहायला गेले. म्हणजे फ्रेंच पोराचा रोजचा साधा शब्द इंग्रजीत गेला की धोतर नेसून येतो. तिच्या भाषेत ‘कोमांसे’ म्हणजे सुरू करणं, शेंबडं पोर पण वापरतं, पण इंग्रजीत ‘कमेन्स’ म्हटलं की ‘प्रारंभ करणे’ झालं. ‘देसांद्र’ म्हणजे साधं उतरणं, ‘डिसेंड’ म्हणजे ‘अवतरणे’. ती ओळखीचे दिसणारे शब्द उचलते, स्पेलिंगही आयतं मिळतं, आणि तिथंच फसते. तिची माणसं नकळत संस्कृतप्रचुर बोलतात!

उपाय काय, तर संवाद लिहून झाला की फ्रेंचसारखा दिसणारा प्रत्येक क्रियापदाचा शब्द पेन्सिलीने गोल करायचा आणि त्याजागी गेट, गो, कम, पुट, टेक असलं काही बसतंय का बघायचं. रिटर्न नको, कम बॅक. कंटिन्यू नको, गो ऑन. टॉलरेट नको, पुट अप विथ. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, त्यात शब्दापुढे ‘फॉर्मल’ असं लिहिलेलं असतं, ते लिहिलेलं दिसलं की तो शब्द संवादातून हाकलायचा. अपवाद, पात्रच शिष्ट असेल तर. मग उलट मुद्दाम ठेवायचा, फुकटात एक पात्र उभं राहतं.

तुलूझची_माई
@शब्दवेल्हाळ हे ‘धोतर नेसून येतो’ तिला वाचून दाखवलं, तिला धोतरच माहीत नव्हतं 😅 मग आजोबांचा फोटो दाखवला. पण मुद्दा कळला. वहीत सापडलेलं सांगते, एक आई मुलाला ‘व्हाय डू यू डिमांड मी दॅट?’ म्हणते. मला वाटलं भांडण चाललंय.

रानडेवाली
नाही हो, ‘दमांदे’ म्हणजे नुसतं विचारणं, तिला ‘आस्क’ म्हणायचं होतं. मी पुण्यात फ्रेंच शिकवते (शिकले रानड्यात, म्हणून हे नाव), तर मला हा प्रवास उलट्या बाजूने रोज दिसतो. असे जुळे दिसणारे शब्द संवादात फार घात करतात कारण निबंधात एखादा शब्द चुकला तर वाक्य चुकतं, इथे माणसाचा स्वभावच बदलतो. ‘आक्त्युएलमां’ म्हणजे सध्या, पण ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे खरं तर, आणि हे ‘खरं तर’ तोंडी आलं की माणूस समोरच्याला खोडून काढतोय असं वाटतं.

माई, तुम्ही दिलेल्या नमुन्यात मला आधी दिसली ती आडवी रेघ. फ्रेंचमध्ये बोलणारा बदलला की नवी ओळ आणि सुरुवातीला ती रेघ, तिरे म्हणतात. कोनाचं अवतरण « असं सगळ्या संवादाच्या सुरुवातीला उघडतं आणि पार शेवटी बंद होतं, मधलं ‘ती म्हणाली’ बिनधास्त आतच राहतं. इंग्रजीत तसं नाही चालत, प्रत्येक बोलणं आपापल्या अवतरणात उघडायचं, बंद करायचं, आणि ‘शी सेड’ बाहेर. आपल्या मराठी पुस्तकात असतं तसंच जवळजवळ, त्यामुळे घरातलं एखादं मराठी कथांचं पुस्तक उघडून दाखवा. वर्डमध्ये भाषा फ्रेंच ठेवली असेल तर ते स्वतःच « घालतं आणि प्रश्नचिन्हाच्या आधी मोकळी जागा सोडतं. आधी अख्खा मजकूर सिलेक्ट करून भाषा इंग्रजी करा, मग टाइप करू दे.

दुसरं म्हणजे ‘सेड’. फ्रेंच शाळेत एकच शब्द परत परत वापरणं म्हणजे पाप. ‘दितेल’ (ती म्हणाली) एकदा झालं की पुढं ती उद्गारली, ती प्रत्युत्तरली, ती पुटपुटली. पोरं ही सवय घेऊन इंग्रजीत येतात आणि एका पानात एक्सक्लेम्ड, रिटॉर्टेड, इन्क्वायर्ड, सगळी वरात. वर फ्रेंचसारखं उलटं करून ‘सेड शी’, ते तर परीकथेतलं वाटतं. इंग्रजीत ‘शी सेड’ डोळ्याला दिसतच नाही, दहादा आलं तरी चालतं, आणि कोण बोलतंय ते कळत असेल तर तेही नको.

खडूफळा
इथे मी असहमत. सगळीकडे सेड सेड लिहिलं की इथल्या बाई शब्दसंपत्ती कमी म्हणून मार्क कापतील. परीक्षा फ्रेंच बाईंची आहे, लंडनच्या संपादकाची नाही.

रानडेवाली
@खडूफळा मुद्दा आहे, मान्य. मग पानाला एखादं ‘व्हिस्पर्ड’ ठेवा, पण खरोखर कुजबुज असेल तिथंच.

मॉन्ट्रियलचा_मामा
इकडे क्युबेकात माझ्या भाच्यांचं हेच रडगाणं आहे, फक्त ह्यांच्या आजूबाजूला इंग्रजी जास्त ऐकू येतं. आमच्याकडे उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. इंग्रजी मालिकेतली फक्त दोन मिनिटं घ्यायची, फ्रेंच सबटायटल बंद, इंग्रजी पण बंद, आणि ऐकून शब्द न शब्द लिहून काढायचा, अं, वेल, यू नो, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं. मग इंग्रजी सबटायटल लावून ताडून बघायचं. गंमत अशी की सबटायटलवाल्यांनी जागा वाचवायला अर्धं गाळलेलं असतं, आणि गाळलेलं असतं तेच नेमकं बोलणं असतं! पहिल्या वेळी दोन मिनिटांना तास लागला, भाचा रडकुंडीला आला, पण चार-पाच वेळा केल्यावर त्याच्या लिखाणात ‘आय अ‍ॅम’चं ‘आय’म’ आपोआप झालं. फ्रान्समध्ये टीव्हीवर सगळं डब केलेलं असतं ना? रिमोटवर भाषा बदलून मूळ आवाज लावता येतो, बघा.

नवखा_07
एआयला सांगा ना, दोन सेकंदात लिहून देईल

सात_महिने_लिसेत
@नवखा_07 वर्गात बसून कागदावर लिहायचं असतं रे बाबा.

तुलूझची_माई
दोन मिनिटांचा प्रकार शनिवारी केला. मीपण बसले बरोबर, मला तिच्यापेक्षा कमी ऐकू आलं, घरात माझी इज्जत गेली.

एक प्रश्न राहिला. ती म्हणते फ्रेंचमध्ये ‘आ बों?’, ‘बँ’, ‘आंफँ’, ‘द्यू कू’ असलं काय काय घालून बोलणं जिवंत होतं, इंग्रजीत त्याला काय? सध्या सगळीकडे ‘रिअली?’ घालते. आणि जोर कसा द्यायचा? तिने ‘मी, आय थिंक’ असं लिहिलंय, ‘म्वा, ज’ (शब्दशः ‘मी, मी’) वरून.

रानडेवाली
हा प्रश्न आवडला. जोराचं असं बघा, मराठीत आपण शब्दाला ‘च’ चिकटवतो, ‘मीच केलं’, ‘मी केलंच नाही’. फ्रेंच माणूस ‘म्वा’ पुढे आणून ठेवतो. इंग्रजीत तो जोर आवाजात असतो, म्हणून कागदावर एकतर तो शब्द तिरपा छापतात, हाताने लिहिताना खाली रेघ, नाहीतर वाक्यच असं रचायचं की तो शब्द शेवटी येईल. ‘आय डिडन्ट टेल हर’ मध्ये ‘आय’ खाली रेघ मारली तर ‘मी नाही सांगितलं’ (दुसऱ्या कुणी सांगितलं), ‘हर’ खाली मारली तर ‘तिला नाही सांगितलं’. लेकीला तीन रेघा तीन ठिकाणी मारून मराठीत म्हणायला सांगा, तिला ‘च’ आणि ‘तर’ कुठे जातो ते ऐकू येईल. ह्या बाबतीत तिची मराठी तिच्या वर्गातल्या कुणाकडे नाही!

‘आ बों’ म्हणजे आपलं ‘हो का?’. त्याला इंग्रजी लोक समोरच्याच वाक्याचं शेपूट परत फेकतात. “ही लेफ्ट.” “डिड ही?” “शी’ज मॅरिड.” “इज शी?” तसंच फ्रेंच ‘सी’, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला खोडून ‘आहे की!’, ‘केलं की!’ म्हणतो ते. “यू डिडन्ट कॉल.” “आय डिड!” शेपटं नीट जमली की निम्मी सपाटी जाते. फक्त ‘नेस पा’ (‘नाही का?’) सारखं सगळीकडे एकच ‘इजन्ट इट’ लावू नका हो, ते फ्रेंच पोरं करतात आणि आपणही करतो.

शब्दवेल्हाळ
आणि तू-तुम्ही? फ्रेंचमध्ये तू आणि व्हू आहे, आपल्यात तर तू, तुम्ही, आपण, तिघं. इंग्रजीत सगळ्यांना यू, मग सासू-सून कशी लिहायची?

सात_महिने_लिसेत
नावाने. कोण कुणाला पहिल्या नावाने हाक मारतं, कोण मिसेस अमुक म्हणतं, आणि मागताना किती वळसे घेतं. ‘पास द सॉल्ट’, ‘कुड यू पास द सॉल्ट’, ‘आय वंडर इफ आय कुड ट्रबल यू फॉर द सॉल्ट’. तिसरं सुनेच्या तोंडी घातलंत तर जेवणाच्या टेबलावर काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

तुलूझची_माई
अपडेट. काल वर्गात नवीन लिहायला दिलं होतं, विषय, दोन मैत्रिणी स्टेशनवर, एक जातेय. तिने पाठ करून येऊन सांगितलं ते देते:

“यू पॅक्ड द ग्रीन वन.”
“डिड आय?”
“इट्स माइन.”
“आय नो इट्स युअर्स.”
“युअर ट्रेन्स हिअर.”
“आय कॅन सी दॅट.”

जाऊ नकोस असं कुणी म्हणतच नाही. मी विचारलं हिरवं काय, स्वेटर का? तर म्हणे, आई ते सांगायचं नसतं. बरं बाई.

मार्क पुढच्या आठवड्यात. ती म्हणतेय पहिल्या पानावर अवतरणं नीट घातली, दुसऱ्या पानावर घाईत परत तिरेच मारले.