व्हॅसोस्पॅझमला ‘आकडी’ म्हणावं का?

मृणाल, दांडिया बाजार, बडोदा
भावाच्या मेंदूतली गाठ काढली. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, व्हॅसोस्पॅझम. म्हणजे मेंदूतल्या धमन्या आकसतात आणि पुढे रक्त कमी पोचतं. मेंदूतला धमनीचा फुगा फुटला की हे पुष्कळदा होतं, साधारण ४ ते १४ दिवसांत. नुसती गाठ काढल्यावर क्वचितच. मी आईला म्हटलं, “नसेला आकडी आलीय.” तिनं आकडी तेवढी ऐकली. रात्रभर हातपाय झटकतोय का ते बघत बसली. बोलणं जड झालं होतं, ते तिला झोपेचं वाटलं. सकाळी डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आता तो बरा आहे. पण आईला कळेल असा शब्द सांगा.

अनिल
आकडी म्हणजे फिटच. गुजराती शेजारीण आंचकीच समजणार. ‘धमनी-आकुंचन’ म्हणा.

मृणाल
पण आकुंचन तर धमनीचं रोजचंच काम. इथे ती आकसून तशीच राहते.

हेमंत
मग ‘आखडली’ म्हणा. पाठ आखडते तशी.

वसुधाकाकू
छान. पण धमनी कशाला? आम्ही शाळेत रोहिणी आणि नीला शिकलो. सयाजीराव महाराजांनी कारभारासाठी आठ भाषांचा शब्दकोश १९३१ साली काढवला. त्या गावात रोहिणी जड व्हावी?

अनिल
काकू, रोहिणी म्हटलं की नक्षत्रच आठवतं. इथे सगळे नसच म्हणतात.

हेमंत
नस नको. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा आपण मज्जातंतूबद्दल बोलत असतो. धमनी मात्र सुंदर शब्द आहे. धम् म्हणजे फुंकणं. ग्रीक लोकांनाही धमनीत हवा असते असं वाटे, कारण मृतदेहात त्या रिकाम्या दिसत.

वसुधाकाकू
हे माहीत नव्हतं. तरी रोहिणी सोडणार नाही.

शुभदा, रावपुरा
आमची आजी पोटरीत गोळा आला की ‘वांब आला’ म्हणायची. धमनीला वांब आला, असं का नको?

अनिल
वांब तर मासा ना? सापासारखा लांबट?

शुभदा
तोच. पोटरीत वळवळतो म्हणून ते नाव, असं आजी सांगे.

वसुधाकाकू
मला हे पटत नाही. आमच्याकडे पेटकेच म्हणत. तुमची आजी कोकणातली का?