मदत हवी: पाण्याची मोटर जळाली, ग्रामपंचायतीत पैसे न्हाईत, रविवारी ग्रामसभा

करवीरचा_पोरगा:
मंडळी, अर्जंट हाय. आमच्या नळपाण्याची मोटर परत जळाली, चार दिवस झालं गावात टँकर फिरतोय. ग्रामसेवक म्हणतात शिल्लक नाही, सरपंच म्हणतात पाणीपट्टी वाढवूया, आणि म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून विचारालीत की केंद्राच्या वित्त आयोगाचं लाखानं पैसे आलं ते गेलं कुठं. मी पहिल्यांदाच मेंबर झालोय आणि रविवारी ग्रामसभेत उत्तर द्यायला मलाच उभं करणार. वित्त आयोगातनं मोटर घेता येते का, हो की नाही एवढंच सांगा.

पंचगंगेचा_काठ:
भावा, योजना गावाची स्वतःची का प्रादेशिक, म्हणजे अनेक गावांची मिळून? कनेक्शन किती? पट्टी किती? काहीच न सांगता हो-नाही विचारतोस, आम्ही काय ज्योतिषी हाय?

निवृत्त_तात्या:
येते, पण सरळ न्हाई. १५ व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, होता; त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातनं पगार भागवता येत नव्हते. काम गावाच्या विकास आराखड्यात पाहिजे आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतीच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवलेलं पाहिजे, न्हाईतर सरपंच-ग्रामसेवकाचं डीएससी (डिजिटल सही) लावून काय उपयोग. मोटर आराखड्यात धरलीय का?

उसाचा_फड:
सोलर बसवा!! माझ्या रानात बसवलंय, लाईटबिलाचं टेन्शनच गेलं.

पंचगंगेचा_काठ:
@उसाचा_फड तुझं रान आणि गावाची टाकी एक हाय व्हय? पहाटे पाचला पाणी सोडायचं असतं, तेव्हा सूर्य काय तुझ्या गोठ्यातनं उगवतो?

करवीरचा_पोरगा:
योजना स्वतःची. कनेक्शन ४५०, पट्टी वर्षाला ९००, वसुली साठ टक्क्याच्या आसपास. लाईटबिल महिन्याला २५ हजार. आराखड्यात गटर, पेव्हिंग ब्लॉक आणि स्मशानशेड हाय, मोटर न्हाई.

निवृत्त_तात्या:
मग गणित तुझ्याच पोस्टीत हाय की. मागणी ४ लाख ५ हजार, हातात येतात २ लाख ४३ हजार, नुसतं लाईटबिल ३ लाख. मोटर जळायच्या आधीच तुमची योजना बुडालेली हाय. वित्त आयोगातनं एक मोटर आणशील, पुढची कशातनं? १५ व्याची मुदत २०२५-२६ पर्यंतचीच होती, असल्या पैशाच्या भरवशावर गाव चालवायचं नसतं. समज नवी मोटर १ लाख ८० हजार आणि सहा वर्षं टिकली, तर वर्षाला ३० हजार बाजूला टाकायचे, म्हणजे एका कनेक्शनला महिन्याला साडेपाच रुपये. पाणीपुरवठा निधीच्या खात्यात वेगळं ठेवा आणि त्याला हात लावू नका.

बावड्याची_सून:
तात्या, पट्टी वाढवायचं सांगताय पण आमच्याकडं जो भरतो त्यालाच वाढवतात आणि जो भरत न्हाई तो सरपंचाच्या भावकीतला. आधी वसुली करा, नोटिसा काढा, लोकअदालतीत टाका, मग आमच्याकडं या.

निवृत्त_तात्या:
ताई, बरोबर हाय. पण सगळी वसुली झाली तरी लाखभरच उरतात, आणि त्यात वायरमनचा पगार, टीसीएल (पाण्यात टाकायची पावडर), लिकेज. दोन्ही करावं लागंल.

तांबडा_पांढरा:
२०२१ ला वित्त आयोगातनं वीजबिलं भरा म्हणून शासनानं सांगितलं तेव्हा सरपंचांनी केवढा दंगा केला, आठवतंय? ज्याच्या त्याच्या डोळ्यापुढं पेव्हिंग ब्लॉक. पाईपमधल्या पाण्याचा फोटो काढता येत न्हाई ना.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
कोल्हापूर शहरात या, सगळं मिटलं. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचं, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घ्यायचं, गुऱ्हाळ चालूच हाय, तुम्हीच विरोधात गावं बंद ठेवून बसताय.

पंचगंगेचा_काठ:
आणि घरफाळा शहराचा द्यायचा, रस्ते मात्र तुमच्यासारखे वापरायचे? नको रे बाबा.

करवीरचा_पोरगा:
हद्दवाढ दुसऱ्या धाग्यावर. एक सांगायचं ऱ्हायलं, मोटर जळाली म्हणजे पुरात तिचं स्टार्टर-पॅनल बुडालं. जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर) नदीकाठाला हाय, पॅनल २०१९ ला बुडालं, २०२१ ला बुडालं, आणि आता परत.

निवृत्त_तात्या:
अरे लेका, हे आधी सांगायचं!! मग मोटर गौण. स्टार्टर-पॅनल २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर न्यायचं काम आधी धर. ती खूण अजून भिंतीवर असंल, रविवारच्या आत टेप लावून मोजून आण, मोबाईलमधी फोटो काढ. ग्रामसभेत बाकी काय बोलायलाच लागणार न्हाई. आराखड्यात बदलाचा ठराव त्याच सभेत घ्या. आणि आता टँकर बंद करायला जिल्हा ग्राम विकास निधीतनं कर्ज मिळतं का ते पंचायत समितीत विचार, पण ते फेडायचं असतं हे सभेत मोठ्यानं सांग.

करवीरचा_पोरगा:
आत्ताच जाऊन आलो. पॅनल खुणेच्या चार फूट खाली. इतकी वर्षं ते तिथंच हाय आणि सगळ्यांनी बघितलंय, मी पण.

मोरेवाडी_नवीन:
नमस्कार, माझ्या घराचा नमुना ८ (कर आकारणीचा उतारा) ग्रामपंचायत देत नाही, बँकेला पाहिजे. इथे विचारलं तर चालेल का?

पंचगंगेचा_काठ:
घरपट्टी भरलीय का आधी ते सांग.