मदत हवी आहे : गोधडी लाँड्रोमॅटमध्ये धुवावी का?

मंडळी, दादरला भाड्याने राहते. घरचं मशीन साडेसहा किलोचं, त्यात आईने शिवलेली गोधडी मावत नाही. जुन्या सुती नऊवारींची, चार थरांची, सगळा हाताचा धावदोरा. जूनपासून कपाटात पडून तिला असा कुबट वास लागलाय की नवरा म्हणतो, टाकून दे. (त्याच्याकडे नंतर बघते.)

गल्लीच्या टोकाला लाँड्रोमॅट आहे. कपडे आपणच टाकायचे, आपणच काढायचे. मशीन मोठी आहेत, चादरी छान निघाल्या. पण ड्रायर जास्त तापमानावर लावला आणि सुती कुर्ता चांगला दोन बोटं आखूड होऊन आला. चूक माझीच. तेव्हापासून धास्ती बसलीय.

शिवाय गोधडीच्या लाल काठावर ओला पांढरा रुमाल घासून पाहिला, तर रुमाल गुलाबी झाला! म्हणजे गरम पाणी बाद. थंड पाणी, नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम आणि कमीत कमी फिरकी ठेवली तर टाके टिकतील का? आणि काठाचा रंग मधल्या पांढऱ्या तुकड्यांना लागू नये म्हणून काय करता?

खरा प्रश्न वाळवण्याचा. कमी तापमानावर ड्रायर चालेल, की ओलीच घरी आणून पंख्याखाली टाकू? बाल्कनी नाही, बाहेर संततधार. अर्धवट वाळली तर वास परत येणारच.

सासूबाई म्हणतात महालक्ष्मीच्या धोबीघाटावर दे. पण दगडावर आपटली तर तीस वर्षांचे टाके राहतील का? कुणी अशी जुनी गोधडी तिथे दिली आहे का?