मदत हवी आहे: फ्रिजचा भाव तीन साइटवर तीन, खानापूरला पोचेपर्यंत चौथाच

टिळकवाडीची

नमस्कार मंडळी,

मी राहते बेळगावच्या टिळकवाडीत, आई खानापुरात. तिचा एकवीस वर्षांचा फ्रिज या पावसाळ्यात एकदाचा बसला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, कॉम्प्रेसर गेलाय, ह्यात आता पैसे घालू नका." आईनं त्याचं कपाट करून लोणच्याच्या बरण्या आत ठेवल्यात आणि दुधाचं पातेलं शेजारणीच्या फ्रिजमध्ये जातं. शेजारीण काही म्हणत नाही, पण पातेल्यापायी आईला रोज दोनदा तिथं चहाला बसावं लागतंय आणि त्याचा तिला कंटाळा आलाय.

हवाय तो साधा, एका दाराचा, १८० ते १९० लिटरचा. बजेट सतरा हजार.

मुलानं मला भावांची तुलना करणाऱ्या साइट दाखवल्या. एकच मॉडेल एकीकडं १५,४९०, दुसरीकडं १६,९९०, तिसरीकडं १४,९९९. तिसऱ्याच्या खाली बारीक अक्षरात कुठल्याशा बँकेच्या क्रेडिट कार्डाची अट. ते कार्ड आमच्याकडं नाही. मग १५,४९० वाल्यावर गेले. माझा पिनकोड ५९०००६ घातला, चार दिवसांत घरपोच. आईचा ५९१३०२ घातला, तर हा विक्रेता तिथं माल देत नाही म्हणे. खाली दुसरा विक्रेता होता, त्याचा भाव १७,२५० आणि वर पोचवायचे वेगळे. सव्वीस किलोमीटरला पावणेदोन हजार! तेवढ्यात मी फ्रिजला मांडीवर घेऊन पॅसेंजरनं जाऊन येईन.

मग गणपत गल्लीत एका दुकानात विचारलं. १७,८०० म्हणाले. मोबाइल पुढं केला तर म्हणतात, "ते ऑनलाइनचं मॉडेल हलकं असतंय ताई." खरंच मॉडेल नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी होती. माल हलका असतो, की नुसतं सांगायचं म्हणून सांगतात?

त्यात दीर कोल्हापूरचे. ते म्हणतात इकडून न्या, महाराष्ट्रात कर कमी आहे. तर ह्या तुलनेच्या साइटवर विश्वास किती ठेवायचा? दिवाळीपर्यंत थांबू का? की माझ्या पत्त्यावर मागवून टेम्पोनं पाठवू?

निपाणीकर

ताई, दिरांना सांगा, ते दिवस गेले. जुलै २०१७ च्या आधी दोन राज्यांचे कर वेगळे होते, तेव्हा आमच्याकडची मंडळी लग्नाची खरेदी हिशोब घालून अलीकडं नाहीतर पलीकडं करायची. आता जीएसटी दोन्हीकडं तेवढाच. फ्रिजवर जुलै २०१८ पासून १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जे २८ वरून १८ वर आलं ते एसी आणि ३२ इंचावरचे टीव्ही. त्यामुळं फ्रिजवर कुणी 'जीएसटी कपात' असा बोर्ड लावला असेल तर तिकडं बघू सुद्धा नका. कोल्हापूरहून शंभरावर किलोमीटर टेम्पो आणायचा तर वाचलेलं सगळं डिझेलात जाईल. दिरांना फ्रिज नको, कोल्हापुरी मसाला आणा म्हणावं.

मलप्रभाकाठ

मी खानापूरचाच, नोकरीनं बाहेर असतो. घरच्या सगळ्या मोठ्या खरेद्या लांबून मीच करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुलनेची साइट स्वतः काही विकत नाही. ती दुकानांकडून भाव गोळा करते, तुम्ही तिच्या दुव्यावरून जाऊन घेतलं तर तिला कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळं 'सर्वोत्तम ऑफर' असं जिथं ठळक लिहिलंय तिथं जरा थांबावं. तिला तुमचा पिनकोड ठाऊक नसतो, तुमच्याकडं कोणतं कार्ड आहे तेही नसतं. ती दाखवते तो भाव शहरातल्या गिऱ्हाइकाचा. म्हणून मी उलटं करतो. आधी खरेदीच्या साइटवर घरचा पिनकोड घालून ठेवतो आणि मगच भाव बघतो. शेवटी पैसे भरायच्या पानावर जो आकडा येतो तोच वहीत लिहायचा, आधीचे सगळे खोडायचे.

तुलनेपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो भावाच्या इतिहासाचा. कीपा नावाची साइट ॲमेझॉनवरच्या वस्तूच्या मागच्या भावांचा आलेख दाखवते, बायहटके फ्लिपकार्टचाही. संगणक नसला तर मोबाइलवर वस्तूचा दुवा त्यांच्या साइटवर नेऊन चिकटवायचा. मी मिक्सर घेताना बघितलं, सेलच्या तीन आठवडे आधी भाव सातशेनं चढवला होता आणि सेलमध्ये आठशेनं उतरवला. म्हणजे सवलत शंभराची आणि जाहिरात आठशेची. एमआरपीवर इतके टक्के सूट हा आकडा तर वाचूच नये. एमआरपी म्हणजे ह्याच्यावर विकायचं नाही अशी वरची मर्यादा. मोठ्या वस्तू त्या भावाला कुणीच घेत नाही. तुमच्या फ्रिजचा वर्षभराचा आलेख काढा. दिवाळीला तो खरंच खाली येत असेल तर थांबा, पाचशेसाठी मात्र आईंना दोन महिने चहाला बसवू नका.

मॉडेलच्या अक्षरांचं. काही वेळा शेवटची अक्षरं नुसती रंगाची असतात. काही वेळा कंपन्या दुकानासाठी आणि ऑनलाइनसाठी थोडी वेगळी मॉडेलं काढतात, खाली कांदे-बटाट्याचा ड्रॉवर असणं-नसणं एवढाच फरक. असं मॉडेल तुलनेत जुळतच नाही, आणि दुकानदाराला ते सोयीचंच. हलकं की भारी ते ताऱ्यांच्या लेबलवर बघा: वर्षाला किती युनिट, लिटर किती आणि लेबल कोणत्या सालचं. साल महत्त्वाचं, कारण जानेवारी २०२३ पासून फ्रिजचे निकष कडक झाले; त्याआधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे सारखे नव्हेत. जुना स्टॉक स्वस्तात दिसतो त्याचं एक कारण हेही असतं.

आणि एक खास आपल्याकडचं. आईंचं बिल गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, शून्य येत असेल ना? मग एक तारा जास्त म्हणून दीड हजार जादा घालू नका. दोन फ्रिजमध्ये वर्षाला तीस युनिटांचा फरक असला तर महिन्याला अडीच युनिट. आईंच्या मोफत कोट्यात ते सहज बसतं. साइटवर 'वीजबचत इतके रुपये' लिहितात ते पूर्ण बिल भरणाऱ्याचं. तुमच्या स्वतःच्या घरी महिन्याला २०० युनिटच्या आसपास जात असेल तर गोष्ट वेगळी, कारण २०० ओलांडले की अख्खं बिल अंगावर येतं.

चंदगडी

आमच्याकडं पिनकोड टाकला की साइट आधी विचारात पडते. 😀

टेम्पोनं नेणार असाल तर फ्रिज उभाच न्यायचा, आडवा नाही. पोचल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग चालू करायचा. बेळगावचं बिल असलं तरी खानापूरला माणूस येतो का, हे पैसे भरायच्या आधी कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. आमच्या भावजींनी नंतर विचारलं होतं.

निपाणीकर

आणि ते 'नो कॉस्ट ईएमआय' बघून भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं असं रिझर्व्ह बँकेनंच २०१३ साली बँकांना सुनावलंय. व्याज असतंच, तेवढी सूट आधी दाखवतात. क्रेडिट कार्डावर त्या व्याजाचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच डोक्यावर. रोख असतील तर रोख द्या.

टिळकवाडीची

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

आलेख काढला. गेल्या वर्षभरात तो फ्रिज १५,२०० च्या खाली एकदाही आलेला नाही, म्हणजे दिवाळीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मग दुकानात परत गेले, ह्या वेळी लेबल वाचायला. दोन्ही मॉडेलांची युनिटं तीच, लिटर तेच, फरक खालच्या ड्रॉवरचा. मालकांना दाखवलं. थोडा वेळ ते लेबलाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही मास्तरीण काय?" मी होय म्हटलं. भाव १६,३०० झाला, खानापूरला पोचवून, त्यांच्याच टेम्पोनं. ऑनलाइनचा १५,४९० आणि वर माझा टेम्पो धरला तर जवळपास तेवढंच पडत होतं, आणि उद्या काही बिघडलं तर जाऊन उभं राहायला दुकान आहे. ठरवून टाकलं.

जुना फ्रिज दिला तर अजून आठशे कमी करतो म्हणालेत. इथं गाडी अडली. आई म्हणते नवा फ्रिज आणा, पण जुना घराबाहेर जायचा नाही. उंदीर लागत नाहीत असं दुसरं कपाट दाखवा म्हणे. आठशे रुपयांत उंदीर न लागणारं कपाट खानापूर-बेळगावात कुठं मिळेल? कुणाला माहीत असेल तर भावासकट कळवा.