शब्दचर्चा: उत्सर्जनाचा ‘अंदाज’, ‘अनुमान’ की ‘मोजमाप’?

पंचवटीकर: भित्तिपत्रकासाठी मजकूर लिहितोय. उपग्रहाच्या निरीक्षणांवरून देशाचं हवाप्रदूषक उत्सर्जन कसं काढतात, हा विषय. ‘अंदाज’ म्हटलं की लोकांना हवामानाचा अंदाज आठवतो, म्हणजे उद्याचं. इथे तर सरलेल्या वर्षाचं चाललंय. ‘उपग्रहाने उत्सर्जन मोजलं’ असं सरळ लिहू का?

नाशिकरोडची: ‘मोजलं’ नको. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश टिपतं. नायट्रोजन डायऑक्साइड त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतो, त्यावरून हवेच्या उभ्या स्तंभात त्याचे किती रेणू आहेत ते कळतं. उत्सर्जन म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून तासाला किती बाहेर पडलं ते. वारा पडला की तेवढंच सुटूनही जास्त दिसतं.

तर्कट: मग ‘अनुमान’च! न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं उदाहरण आठवा: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. याहून नेमका शब्द कुठे मिळणार?

नाशिकरोडची: शब्द छान, पण तुमच्या डोंगरावर अग्नी ‘आहे’ एवढंच सिद्ध होतं. इथे किती टन ते हवंय. त्यासाठी वाऱ्याची दिशा नि वेग लागतो, शिवाय वायू हवेत किती टिकतो तेही. दिवसा हा काही तासांतच दुसऱ्या संयुगांत बदलतो, म्हणून तो उगमाच्या आसपासच दाट सापडतो. मग संगणकावरच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) उत्सर्जनाचा एक आकडा घालायचा, त्यातून येणारा स्तंभ उपग्रहाच्या स्तंभाशी ताडायचा, आणि जुळेपर्यंत आकडा बदलत राहायचं.

सातबारा: महसुलात ‘नजर अंदाज पैसेवारी’ असते. हिंदीतलं दुर्लक्ष नव्हे हं, पीक डोळ्यांनी पाहून ठरवलेली! पुढे सुधारित, मग अंतिम. राज्याचा अर्थसंकल्पसुद्धा ‘अंदाजपत्रक’च. अंदाज म्हणजे ठोकून दिलेलं, असं कोणी सांगितलं?

पंचवटीकर: पैसेवारीला पीककापणी प्रयोगांचा आधार असतो. इथे पडताळा कशाशी?

नाशिकरोडची: खालून वर केलेल्या हिशोबाशी. कोळसा किती जाळला, डिझेल किती खपलं, गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे तेवढ्या इंधनामागे किती वायू सुटतो तो आकडा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली की दोन्ही तपासायचे. उपग्रहही सर्वज्ञ नाही. तो दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, नाशिकच्या द्वारका चौकातली संध्याकाळची वाहनगर्दी त्याच्या गावीही नसते. पावसाळ्यात ढग आडवे येतात. खाली त्याचा एक चौकोन जेमतेम साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरचा, म्हणजे सातपूर नि अंबडचे कारखाने एकाच चौकोनात येऊ शकतात. शिवाय वीज कडाडली की, आणि खत घातलेल्या शेतातूनही, नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. ती वेगळी काढावी लागतात.

तर्कट: म्हणजे धूर कोणाचा तेही अनुमानानेच! मी माझा शब्द सोडत नाही.

पंचवटीकर: तुमचा शब्द शीर्षकात घेतो. आत असं लिहितो: ‘उपग्रहाने टिपलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या संहतीवरून देशाच्या उत्सर्जनाचा अंदाज बांधला.’

नाशिकरोडची: ‘अंदाज बांधला’ उत्तम. ‘संहती’ मात्र काढा. ती ठरावीक घनफळातली असते, स्तंभातले रेणू दर चौरस सेंटिमीटरला मोजतात. ‘स्तंभातील प्रमाण’ लिहा, आणि टनांच्या आकड्यापुढे अधिक-उणे किती तेही टाका.